दवंडी मोबाइलवर आली, पण उत्तर कोण देणार?

गावची दवंडी आठवते का? दिवे लागायच्या वेळी हलगी वाजायची आणि 'उद्या चावडीवर साहेब येणार हो' अशी हाळी गल्लीगल्लीतून फिरायची. दवंडीवाल्याला कुणी काही विचारलेच, तर तो म्हणायचा, 'मला काय विचारता, चावडीवर जाऊन विचारा.' सांगणारा एक आणि उत्तर देणारा दुसरा. पण तो दुसरा कुठे बसतो, कधी भेटतो, हे गावाला ठाऊक असे.

आता दवंडी मोबाइलवर आली आहे. जिल्हाधिकारी, पोलीस, कृषी विभाग, मंत्री, सगळ्यांची फेसबुकवर पाने आहेत. गावोगावी ग्रामपंचायतीचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहेत. शासन म्हणते, आम्ही थेट जनतेशी बोलतो. बोलते हे खरेच आहे. पण बोलणे आणि ऐकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बीडसारख्या जिल्ह्यात, जिथली लाखो माणसे दरवर्षी कोयता घेऊन गाव सोडतात, तिथे हा फरक फार महाग पडतो.

हे काही एका दिवसात झालेले नाही. सरकारी कार्यालयांनी समाजमाध्यमे कशी वापरावीत, याची मार्गदर्शक तत्त्वे केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान विभागाने 2012 मध्येच काढली. लोकांच्या प्रश्नांना उत्तर कोणी आणि किती वेळात द्यायचे हे आधी ठरवा, असा त्यातला मुद्दा होता. 26 जुलै 2014 रोजी केंद्राचे 'मायगव्ह' सुरू झाले. जानेवारी 2015 मध्ये राज्याने तक्रारींसाठी 'आपले सरकार' आणले. फेब्रुवारी 2025 मध्ये हीच सेवा व्हॉट्सअ‍ॅपवर देण्यासाठी राज्य सरकारने मेटा कंपनीशी करार केला. कागदावर पाहाल तर वाट चांगली आखलेली आहे.

आता प्रत्यक्षात काय होते ते पाहू. या कामाच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली सांगणे, दुसरी विचारणे आणि तिसरी उत्तर देणे.

पहिली पायरी शासनाला चांगली जमली, हे मोकळेपणाने कबूल करावे लागेल. सप्टेंबर 2025 मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. जायकवाडीतून गोदावरीत किती पाणी सोडले, माजलगाव धरणाचे किती दरवाजे उघडले, हे गेवराई-माजलगावच्या नदीकाठच्या माणसाला घरबसल्या मोबाइलवर कळत होते. दवंडीच्या जमान्यात ही बातमी गावात पोचेपर्यंत पाणीच पोचले असते. अशा वेळी एक संदेश गोठ्यातली जनावरे वाचवतो. त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही.

दुसरी पायरी अर्धवट आहे. 'तुमची मते कळवा' असे म्हणतात, लोक कळवतातही. कोणत्याही योजनेच्या जाहिरातीखाली जाऊन बघा. वर मंत्र्यांचा फोटो आणि खाली शेकडो प्रश्न. 'अनुदान जमा नाही', 'विम्याचे पैसे कधी?', 'माझा अर्ज का बाद झाला?' वरचा फोटो रोज बदलतो, प्रश्न तेच राहतात.

तिसऱ्या पायरीसाठी लाडक्या बहिणीचेच उदाहरण घ्या. 18 सप्टेंबर 2025 रोजी शासनाने या योजनेच्या लाभार्थी महिलांना दोन महिन्यांत ई-केवायसी करायला सांगितले. त्यात स्वतःच्या आधारबरोबर पती किंवा वडिलांचा आधार क्रमांकही द्यायचा आणि दोघांच्याही मोबाइलवर आलेला ओटीपी टाकायचा. तारखा लक्षात घ्या. तिकडे पुराने पिके गेलेली, इकडे दिवाळी तोंडावर आणि दिवाळी झाली की टोळ्या कारखान्याच्या वाटेला. बाई सांगली-कोल्हापूरकडे उसाच्या फडात, आधारला जोडलेला नंबर बंद पडलेला, घरात मोबाइल एकच आणि तोही नवऱ्याच्या खिशात. आणि जिला नवरा नाही, वडीलही नाहीत, तिने कुणाचा आधार टाकायचा? हा प्रश्न पहिल्या आठवड्यातच सुचण्यासारखा होता. पण मुदत संपत आली तेव्हा, नोव्हेंबरमध्ये, महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांनी मुदत 31 डिसेंबरपर्यंत वाढवल्याचे आणि अशा महिलांसाठी वेगळी सोय केल्याचे जाहीर केले. निर्णय योग्यच होता. पण मधल्या दोन महिन्यांत किती जणींनी सेतू केंद्रावर हेलपाटे घातले, रोज बुडवला, त्याचा हिशेब कोण ठेवणार? खाली आलेले प्रश्न रोज वाचून संध्याकाळी वर कळवणारा एक माणूस नेमला असता, तर हे आधीच लक्षात आले असते.

त्याआधीच्या, 28 जुलै 2025 च्या शासन निर्णयाचेही बघा. तो सरकारी कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यमांच्या वापराबद्दल आहे. वैयक्तिक आणि कार्यालयीन खाते वेगळे ठेवा, शासनाच्या धोरणावर टीका करू नका, स्वतःची स्तुती टाळा, असा त्याचा रोख आहे. शिस्त हवीच. पण लोकांना उत्तर देण्याची शिस्तही तितकीच कडक हवी.

या माध्यमाची दुसरी बाजू बीडकरांना सांगायला नको. 30 ऑक्टोबर 2023 रोजी आरक्षण आंदोलनाच्या काळात एक ध्वनिफीत फिरली आणि माजलगाव, बीडमध्ये जाळपोळ झाली. संचारबंदी लागली आणि इंटरनेट बंद झाले. अफवा थांबावी म्हणून ते केले असेल. पण त्याबरोबर प्रशासनाची स्वतःची मोबाइलवरची दवंडीही मुकी झाली. ज्या दिवशी खऱ्या बातमीची सगळ्यात जास्त गरज, त्याच दिवशी ती पोचवायचा रस्ता बंद. म्हणून गावात भोंगा, फलक, कोतवाल हे जुने मार्ग मोडीत काढून चालणार नाही.

मग हे माध्यम टाकून द्यायचे का? अजिबात नाही. उलट ज्याच्यासाठी ते सर्वांत जास्त उपयोगी, तो आपला ऊसतोड मजूरच आहे. विचार करा, 26 जानेवारीची ग्रामसभा होते तेव्हा कितीतरी तांड्या-वाड्यांवर म्हातारी माणसे आणि लेकरेच उरलेली असतात. घरकुलाची यादी वाचली जाते, रोजगार हमीची कामे ठरतात आणि ज्यांच्यासाठी ती, ते कोपीत असतात. ग्रामसभेची नोटीस, वाचलेली यादी आणि झालेले ठराव ग्रामसेवकाने त्याच दिवशी गावच्या ग्रुपवर टाकले, तर फडातला माणूसही 'माझं नाव का नाही?' असे विचारू शकेल. याला ना मंत्रालयाचा करार लागतो, ना पैसा.

तोवर आपण काय करायचे? पहिले म्हणजे, पोस्टखाली लिहिलेली तक्रार ही तक्रार धरली जात नाही, हे पक्के ध्यानात ठेवा. तक्रार 'आपले सरकार'वर टाकून क्रमांक घ्या, नाहीतर कागदावर लिहून पोहोच घ्या. लोकशाही दिन तालुक्याला तिसऱ्या सोमवारी आणि जिल्ह्याला पहिल्या सोमवारी असतो, तिथे तोच कागद दाखवा. तरीही दाद मिळाली नाही, तर 2005 चा माहिती अधिकार आहेच, त्यात तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. दुसरे, ओटीपी कुणालाही सांगू नका आणि ग्रुपवर आलेल्या लिंकवर आधार क्रमांक टाकण्याआधी अंगणवाडीताईला किंवा तलाठ्याला विचारा. तिसरे, टोळी निघण्याआधी घरातल्या बाईचा स्वतःचा नंबर आधारला जोडून घ्या आणि गावच्या ग्रुपवर तिलाही घ्या.

आणि गावच्या कारभाऱ्यांना एवढेच सांगणे आहे, की ग्रुपवर वाढदिवसाच्या शुभेच्छा जरूर टाका, पण कुणी प्रश्न विचारला तर त्याला ग्रुपमधून काढू नका. 'माहिती घेऊन सोमवारी सांगतो' असे लिहा आणि सोमवारी खरेच सांगा.