कमरेची उसण आणि आपला हलगर्जीपणा

चऱ्होलीच्या शिवारांत कांद्याची काढणी सुरू झाली म्हणजे दर वर्षीं कोणाच्या ना कोणाच्या कमरेंत उसण भरते. तीन-चार दिवस शेक घ्यावा, तेल चोळावें आणि पुन्हा कामास लागावें, एवढ्यावर बहुतेकांचें भागतें. म्हणूनच या दुखण्याकडे आपण गंभीरपणें पाहत नाहीं. परंतु गेल्या सुगींत जें आमच्या डोळ्यांदेखत घडलें, त्यानें आम्हांस हा लेख लिहिणें भाग पाडलें आहे.

आमच्या परिचयाच्या एका बागाईतदारानें चाकणच्या बाजारीं न्यावयाची कांद्याची गोणी वाकून उचलली, अंग पिळून गाडींत टाकली, आणि तो जागच्या जागीं बसला. दुसऱ्या दिवशीं कळ कुल्ल्यांतून पोटरींत उतरली. घरच्यांनीं प्रथम पायाळू माणसाकडून लाथ मारविली, मग बिब्बा लावला, मग तापल्या लोखंडाचा डाग दिला. तिसऱ्या आठवड्यांत पाऊल लुळें पडलें व लघवी अडली. हें सांगावयाची लाज वाटून त्यानें आणखी दोन दिवस घालविले. शेवटीं शस्त्रक्रिया झाली व कळ थांबली. पण पाऊल तो अद्याप ओढतच चालतो.

हें दुखणें मुळांत काय आहे? आपल्या कण्याच्या मणक्यांमध्यें 23 गाद्या असतात. प्रत्येक गादीचें बाहेरचें कडें कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणें थरावर थर असलेलें, चिवट असतें. आंत मऊ गर असतो. वयानें, अनुवंशानें व ओझ्यानें कडें झिजतें, आणि एखादे वेळीं फाटून आंतला गर बाहेर येतो. यालाच लोक ‘गादी सरकली’ म्हणतात. वस्तुतः गादी सरकत नाहीं, फाटते. हा गर शेजारच्या मज्जातंतूस दाबतो व चेतवितो, म्हणून कळ पायांत उतरते. आयुर्वेदानें अशा कळेस गृध्रसी म्हटलें आहे. तिचें मूळ पुष्कळदां फाटलेल्या गादींत असतें, हें बोस्टनच्या मिक्स्टर व बार या शल्यवैद्यांनीं 1934 सालीं दाखवून दिलें. कमरेच्या अगदीं खालच्या दोन गाद्यांस हा अपघात सर्वांत अधिक होतो, कारण वाकून उचललेल्या ओझ्याचा भार मुख्यतः त्यांवरच पडतो.

आतां उपायाविषयीं. आमचें पहिलें म्हणणें असें कीं, या दुखण्यांत उतावळेपणा करूं नये. बाहेर आलेला गर शरीर आपण होऊन पुष्कळ अंशीं जिरवितें, आणि बहुसंख्य रोगी सहा ते बारा आठवड्यांत शस्त्रावांचून सुधारतात. फाटलेल्या गादीस लाथेनें जोड मिळत नाहीं, आणि डागानें कातडी मात्र जळते. दुसऱ्या टोकास, महिनाभर अंथरुणावर पडून राहणेंही चूक होय. फार तर एक-दोन दिवस विश्रांति घ्यावी. मग सोसेल तितकें चालावें-फिरावें, वैद्याच्या सल्ल्यानें वेदनाशामक औषध घ्यावें व पुढें पाठीचे व्यायाम करावे. केवळ चित्रांत गादी फुगलेली दिसली म्हणून घाबरूं नये. ज्यांना कसलेंच दुखणें नाहीं अशा पुष्कळांच्या चित्रांतही ती तशीच दिसते. शस्त्रक्रियेनें पायाची कळ लवकर जाते हें खरें. पण हॉलंडमध्यें 2007 सालीं प्रसिद्ध झालेल्या एका चांचणींत, लवकर शस्त्रक्रिया केलेले आणि आधीं वाट पाहिलेले असे दोन्ही गट वर्षअखेर सारखेच सुधारलेले आढळले.

परंतु दुसरें म्हणणें तितकेंच महत्त्वाचें आहे. लघवी अडणें किंवा नकळत होणें, शौचाचा ताबा जाणें, खोगिराच्या जागेची म्हणजे मांड्यांच्या आंतील व बैठकीची संवेदना हरपणें, पायांतलें बळ वरचेवर कमी होणें: यांपैकीं एकही लक्षण दिसतांच घटकाभरही थांबूं नये. कण्याच्या शेवटीं घोड्याच्या शेपटीसारखा मज्जातंतूंचा झुबका असतो. तो दाबला गेला असतां तासांचा हिशेब असतो, आठवड्यांचा नव्हे. चऱ्होली 1997 सालापासून महानगरपालिकेंत आहे. पिंपरीचें यशवंतराव चव्हाण स्मृति रुग्णालय व पुण्याचें ससून हीं कांहीं दूर देशीं नाहींत. ज्या गोष्टीची लाज वाटते, तीच वैद्यास आधीं सांगितली पाहिजे.

राहिला प्रश्न ओझ्याचा, आणि येथें आम्ही मालक या नात्यानें स्वतःसच दोष देतों. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनें 1967 सालीं अशी शिफारस केली कीं, प्रौढ पुरुषानें वाहावयाचें ओझें 55 किलोहून जड असल्यास तें शक्य तितक्या लवकर त्या मर्यादेंत आणावें. 55 ही कमाल मर्यादा झाली. रोज शंभर वेळां उचलावयाचें वजन त्याहून पुष्कळ कमीच असावयास हवें. तरी आपण गोणी ठासून भरतों, आणि जो ती एकटा उचलतो त्याची पाठ थोपटतों! युरियाची गोणी 2018 सालीं 50 ऐवजीं 45 किलोची झाली. कारण निराळें असलें तरी, तेवढ्यानें कोणाचा व्यवहार अडला नाहीं. मग कांद्याची गोणी 30-35 किलोची भरल्यास आपलें काय अडणार आहे? थोडी सुतळी अधिक लागेल व तोलणावळ थोडी वाढेल, इतकेंच.

आमची सूचना अशी. संघाच्या गोदामांत थप्पी जमिनीवर न रचतां कमरेइतक्या ओट्यावर रचावी; दोन चाकांची ढकलगाडी ठेवावी; जड गोणीस दोन माणसें लावावीं. ओझें अंगाशीं धरावें, आणि उचलतांना कंबर न पिळतां पाय वळवून फिरावें. खुरपणीस जेथें चालेल तेथें सायकल कोळपें वापरावें. हे नियम मजुरांसही लागू करावे. त्यांचा कणा आपल्यासारखाच आहे, आणि तो मोडला तर त्यांच्या घरीं सातबारा नाहीं.

बैलाच्या खांद्यास गळूं आलें तर आपण त्यास जूं लावीत नाहीं. एवढी दया माणसाच्या कमरेस दाखविणें अवघड नसावें. येत्या वार्षिक सभेंत हा विषय सभासदांनीं आपण होऊन काढावा, अशी आमची त्यांस विनंति आहे.