अर्ध्या मिलिमीटरचं बजेट

हात आणि हत्यार : साप्ताहिक सदर

पहिली इलेक्ट्रिक गिटार स्वतःच्या हाताने बनवायची, असं डोक्यात घेतलेला मुलगा हत्यारांच्या दुकानात शिरला की बहुधा राऊटरपाशी थांबतो. मोटर, रंगीत खोका, कानठळ्या बसवणारा आवाज. नुसतं हातात धरलं तरी कारागीर झाल्यासारखं वाटतं. अर्धं बजेट तिथेच उडतं, आणि फ्रेटच्या, म्हणजे गिटारच्या पडद्यांच्या, खाचा पाडायची वेळ येते तेव्हा माळ्यावरची जुनी करवत खाली काढली जाते.

घोटाळा तिथेच होतो. सुताराची साधी करवत मिलिमीटरभर किंवा त्याहून रुंद खाच पाडते. फ्रेटच्या तारेची लाकडात रुतणारी जीभ मात्र अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. म्हणून फ्रेटसाठी मिळणारी खास करवत साधारण ०.५८ मिलिमीटरच कापते. खाच रुंद झाली की फ्रेट डळमळतो, वर येतो, तार खरखरते. मग राऊटर कितीही महागाचा असो, त्याचा उपयोग शून्य.

रत्नागिरीहून आंबा घाट चढून, कोल्हापूर ओलांडून मिरजेला गेलं, की हा हिशेब चटकन कळतो. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांनी तिथे सतारीचं काम रुजवलं. त्यांचं घराणं मूळचं शिकलगारांचं, म्हणजे तलवारींना धार लावणाऱ्यांचं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्या सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात. सूर जरा इकडेतिकडे वाटला, तर वाजवणारा पडदा बोटाने सरकवतो. गिटारचा फ्रेट एकदा ठोकला की ठोकला. चूक वाद्यातच मुक्कामाला येते.

ती चूक केवढी? फेंडर पद्धतीच्या गिटारीत तारेची लांबी ६४७.७ मिलिमीटर धरतात. वरच्या टोकाच्या पट्टीपासून, म्हणजे नटपासून, पहिला फ्रेट ३६.३५ मिलिमीटरवर येतो. तिथे अर्धा मिलिमीटर चुकला तर सूर दीड सेंटही हलत नाही, आणि सेंट म्हणजे एका फ्रेटच्या अंतराचा शंभरावा भाग. बाविसाव्या फ्रेटपाशी तेवढीच चूक जवळजवळ पाच सेंटची होते. शिवाय एका फ्रेटपासून पुढचा मोजत गेलं, तर बारीकसारीक चुकांची बेरीज होत जाते. सगळी मापं नटपासूनच घ्यायची. बाविसावा फ्रेट ४६६ मिलिमीटरवर, म्हणजे शाळेच्या कंपासपेटीतली फूटपट्टी बाद. ६०० मिलिमीटरची पोलादी पट्टी हवी. काही शे रुपयांची ही पट्टी यादीत पहिली लिहावी. बहुतेक याद्यांत ती नसतेच.

आता आकडे. पिकअप, ब्रिज, खुंट्या, ट्रस रॉड हा सामानाचा खर्च वेगळा. नुसत्या हत्यारांसाठी १२ हजार हाताशी आहेत असं धरू. या सदराच्या मते त्यांतले ४ हजार मापं आणि फ्रेट यांवर जावेत : पट्टी, गुण्या, व्हर्निअर, फ्रेटची करवत. ३ हजार रंधा, तीन पटाश्या आणि धारेचा दगड यांना. २ हजारांत शिकंजे आणि सोल्डरिंगचं सामान. उरलेले ३ हजार ओळखीच्या सुताराची मजुरी. भाव दुकानागणिक बदलतील, पण वाटणी साधारण हीच राहावी. फळीची जाडी काढणं आणि पिकअपचे खड्डे ट्रिमरने कोरणं ही कामं सुतार एका दुपारी उरकतो. प्लायवूडचा साचा मात्र स्वतः, नीट कानस मारून, तयार करून न्यावा.

काही गोष्टी विकत घ्यायच्याच नाहीत. फ्रेट एका पातळीत आणायला काचेच्या दुकानातला जाड काचेचा तुकडा, त्यावर चिकटवलेला बारीक पॉलिश पेपर, एवढं पुरतं. फ्रेटचा माथा गोल करायला त्रिकोणी कानशीच्या कडा दगडावर घासून गुळगुळीत केल्या की काम भागतं.

आणि पैसे याहूनही कमी असतील, तर नेक, म्हणजे फ्रेट बसतात तो दांडा, तयार घ्यावी. ही पळवाट नव्हे. लिओ फेंडर रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नसे. १९५० साली त्याने बाजारात आणलेल्या गिटारीत सपाट बॉडी आणि चार स्क्रूंनी बसवलेली नेक होती. दोन भाग वेगळे बनवता येतात, वेगळे बदलता येतात. नेक घेतली की फ्रेटच्या करवतीचे पैसे वाचतात. ते पटाशीवर घालावेत, कारण आता सगळी परीक्षा नेक बसते त्या खोबणीची.

लाकडासाठी लोक उगाच परदेशी नावं शोधतात. तंजावरची वीणा फणसाच्या लाकडाची असते, आणि फणस तर कोकणात परसातला. सागवानाची बॉडी जरा जड होते. (सागवानाचा रत्नागिरीशी संबंध तसा राजेशाही. १८८५ साली बॉम्बे बर्मा कंपनीशी सागाच्या ओंडक्यांवरून पेटलेल्या वादाने ब्रह्मदेशाच्या थिबा राजाचं राज्य गेलं आणि तो इथे कैदी म्हणून आला.) वखारीतून आणलेली ताजी फळी मात्र नको. ओलं लाकूड सुकताना पिळतं. मोडलेल्या जुन्या घराचा वासा किंवा चौकट मिळाली तर सोनं. आधी त्यावरून चुंबक फिरवावं. गंजलेला एक खिळा रंध्याच्या पात्याचा घास घेतो.

जुन्या लाकडाचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण पाचगणीशी लांबचं का होईना, नातं सांगतं. तिथल्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला फारोख बलसारा पुढे फ्रेडी मर्क्युरी झाला. त्याच्या क्वीन बँडमधल्या ब्रायन मेने १९६३ मध्ये वडिलांबरोबर स्वतःची गिटार बनवायला घेतली. नेक जुन्या शेकोटीच्या चौकटीतल्या महॉगनीची, बॉडीत जुन्या टेबलाचं ओक, ट्रेमोलोत मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा, फ्रेटबोर्डवरचे ठिपके आईच्या शिवणाच्या डब्यातल्या शिंपल्याच्या बटणांचे. काम दोनेक वर्षं चाललं. पिकअप त्याने आधी घरी बनवले होते, पण तार खेचली की आवाज विचित्र येई. शेवटी बर्न्स कंपनीचे विकत आणले. काटकसर कुठे थांबवायची, हे त्या पोराला कळत होतं.

रत्नागिरीकरांच्या यादीत आणखी एक ओळ लागते. भाट्याच्या खाडीवरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्याने मे महिन्यात पाजळलेली पटाशी जुलैत तांबूस होते. घट्ट झाकणाचा डबा, मशीनच्या तेलाची बाटली, जुन्या धोतराचा तुकडा. पाऊस लागायच्या आत घेऊन ठेवावं.

– खटपट्या