जुना ट्रक, नवे इंधन आणि खर्चाचा भार

जुन्या ट्रकचे डिझेल इंजिन तसेच चालू ठेवावे की ते सीएनजीवर आणावे, हा प्रश्न वरवर पाहता गॅरेजमधला आहे. वस्तुतः तो अर्थकारणाचा आहे. ज्याच्यापाशी एकच ट्रक आहे आणि जो स्वतःच तो हाकतो, त्याच्या दृष्टीने तर तो पोटापाण्याचा आहे.

प्रथम यंत्राची बाजू पाहू. डिझेल इंजिनात हवा प्रचंड दाबली जाऊन तापते आणि तीत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. वायूला मात्र ठिणगी लागते. म्हणून नुसती टाकी बदलून भागत नाही. पिस्टन बदलून दाबाचे प्रमाण कमी करावे लागते, इंजेक्टरच्या जागी स्पार्क प्लग बसवावे लागतात. वायू सुमारे २०० बार दाबाखाली साठवायचा असल्याने टाक्या जड असतात. जितके वजन टाक्यांचे, तितका माल कमी. दर ३ वर्षांनी टाक्यांची चाचणी आणि आरटीओकडील नोंद हे आणखी वेगळे. याच्या मोबदल्यात काजळी पुष्कळ घटते. हा लाभ क्षुल्लक नाही. मालधक्क्यावर धुरात उभे राहणारे हमाल, चालक आणि क्लीनर यांनाच तो सर्वांआधी मिळतो.

आता हिशेब. उदाहरणादाखल समजा, रूपांतराला ३ लाख रुपये लागले आणि इंधनात किलोमीटरमागे ४ रुपये वाचले. मग ७५ हजार किलोमीटर धावल्यावर खर्च भरून निघेल. वर्षाला २५ हजार किलोमीटर धावणाऱ्या ट्रकला त्यासाठी ३ वर्षे लागतील. बचत २ रुपयांवर आली, तर ६ वर्षे. तेव्हा ज्याचा ट्रक शहराच्या परिसरात, पंपांच्या टप्प्यात सतत धावतो, त्याने वायूचा विचार जरूर करावा. ज्याच्या ट्रकचे आयुष्य तीन-चार वर्षेच उरले आहे, किंवा ज्याची वाट घाटांतून आणि पंप नसलेल्या तालुक्यांतून जाते, त्याने इंजेक्टर व एअर फिल्टर नीट राखून डिझेलच चालवावे.

परंतु बचतीचा आकडा ट्रकमालकाच्या हाती नसतो. देशी वायूचा सरकारने जाहीर केलेला दर ऑक्टोबर २०२० मध्ये दहा लाख ब्रिटिश औष्णिक एककांस १.७९ डॉलर होता; ऑक्टोबर २०२२ मध्ये तो ८.५७ डॉलर झाला. एप्रिल २०२३ मध्ये सरकारी कंपन्यांच्या जुन्या क्षेत्रांतील वायूला ६.५ डॉलरची कमाल मर्यादा घालण्यात आली. मधल्या काळात स्वस्त वायूच्या भरवशावर कर्ज काढणाऱ्याचा हप्ता मात्र कोणी कमी केला नाही. डिझेलचीही तीच गत आहे. ऑक्टोबर २०१४ मध्ये त्याचा दर नियंत्रणमुक्त झाला, पण मालाचे भाडे त्याबरोबर आपोआप वाढत नाही. ते ठरवतात कंत्राटदार आणि दलाल.

दिल्लीचा अनुभव बोलका आहे. २८ जुलै १९९८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तेथील सर्व शहर बसगाड्या ३१ मार्च २००१ पर्यंत सीएनजीवर आणण्याचा आदेश दिला. हेतू योग्यच होता. पण पंप आणि पुरवठा यांची तयारी तोकडी पडली आणि बसचालक व रिक्षावाले तासन् तास रांगांत तिष्ठले. सार्वजनिक हिताचा भार अशा रीतीने व्यक्तीच्या खांद्यावर पडला.

स्वच्छ हवा ही सर्वांची मालमत्ता असेल, तर तिची किंमत एकट्या ट्रकवाल्याने का मोजावी? रूपांतरासाठी सहकारी व राष्ट्रीयीकृत बँकांकडून अल्प व्याजाचे कर्ज, इंधनदराशी निगडित भाड्याची कायदेशीर हमी आणि मालवाहतुकीच्या मार्गांवर आधी पंप, मग सक्ती, या तीन मागण्या वाहतूक कामगारांच्या संघटनांनी एकमुखाने मांडल्या पाहिजेत. त्या मान्य झाल्यावाचून डिझेल की वायू हे निवडण्याचे स्वातंत्र्य छोट्या ट्रकमालकाला खऱ्या अर्थाने लाभणार नाही.