विषयपत्रिका कुणाची?

१८८५ साली पुण्यातील मराठी ग्रंथकार सभेचे निमंत्रण महात्मा फुल्यांना आले. जोतीरावांनी न्या. रानडे यांना पत्र लिहून नकार कळविला. सर्वांचे मानवी हक्क जे मान्य करीत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमचा मेळ बसत नाही, असा त्या पत्राचा आशय होता. खुर्ची तर मिळत होती. पण तिथे बसून बोलायचे कशावर?

हा प्रश्न खान्देशलाही नवा नाही. १९८४ मध्ये जळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष शंकरराव खरात होते. तरीही २०२४ मध्ये अमळनेरला अखिल भारतीय संमेलन भरले तेव्हा त्याच गावात विद्रोही संमेलनाचा वेगळा मंडप घालावा लागला!

हे झाले त्यांचे. आपल्या प्राध्यापक-अभ्यासकांच्या संघटनांत काय चालते? बिंदुनामावली, अनुशेष, रखडलेल्या बढत्या. हे प्रश्न पोटाचे आहेत, त्यांवर लढलेच पाहिजे. (गटातटांच्या हिशेबात जाणाऱ्या वेळाबद्दल न बोललेलेच बरे.) परंतु पावरी बोलीचे शब्द गोळा करणारा तरुण किंवा केळीवरील रोगांचा अभ्यास करणारी भगिनी उभी राहिली, की "याचा चळवळीशी काय संबंध?" असे विचारले जाते आणि शेवटची पाच मिनिटे दिली जातात. पुढच्या बैठकीला ती माणसे येत नाहीत. मग आपणच म्हणतो, नोकरी लागली की लोक समाजाला विसरतात!

बाबासाहेबांनी १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना पाटबंधारे आणि वीज ही खातीही त्यांच्याकडे होती. दामोदर खोऱ्याच्या योजनेचा विचार त्यांनी केला, तो चळवळ सोडून केला काय?

दीपनगर तर वीज केंद्राभोवतीच वसले आहे. कोळसा, राख, तापीचे पाणी, कंत्राटी कामगाराची मजुरी या सगळ्यांत इथल्या अभियंत्याला, रसायनशास्त्राच्या शिक्षकाला आणि अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाला बोलण्यासारखे पुष्कळ आहे. आपल्या संघटना त्यांना विचारतात का?

कार्यकारिणीने बंद खोलीत विषय ठरविणे थांबवावे. बैठकीच्या महिनाभर आधी सर्व सभासदांकडून लेखी विषय मागवावेत आणि पहिला तास, शेवटचा नव्हे, त्यांतील एकाला द्यावा. पुढची बैठक दीपनगरलाच, राखेच्या प्रश्नावर घ्यावी. आणि प्रास्ताविक पदाधिकाऱ्याने नव्हे, तिथे काम करणाऱ्याने करावे.