प्रायश्चित्त कोणी घ्यावे? मंडपेश्वरच्या क्रूसापासून एका शब्दापर्यंत

१/ बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यात एका भग्न भिंतीवर दगडात कोरलेला मोठा क्रूस आहे. मूळचे शैव लेणे, सोळाव्या शतकात आलेले फ्रान्सिस्कन धर्मगुरू, १७३९ मध्ये मराठ्यांनी जिंकलेली साष्टी, एवढा इतिहास आपण हौसेने सांगतो. त्या क्रूसाचा अर्थ मात्र क्वचितच विचारतो. आजचा धागा त्या अर्थाविषयी.

२/ ख्रिस्ती श्रद्धेनुसार येशूने वधस्तंभावर केलेले आत्मार्पण हे मानवजातीच्या पापांचे प्रायश्चित्त होय. मराठी बायबलमध्ये हाच शब्द योजिला आहे. माझे मत असे, की हा शब्द अटळ होता. परंतु त्याने मूळ कल्पना जितकी उघड केली, तितकीच झाकलीही.

३/ याज्ञवल्क्यस्मृतीचे तीन अध्याय आहेत: आचार, व्यवहार आणि प्रायश्चित्त. त्या परंपरेत ज्याचा दोष, त्यानेच व्रत, उपवास वा दान करून शुद्ध व्हावयाचे. नेताजी पालकर १६७६ मध्ये स्वधर्मात परतले, तेव्हा प्रायश्चित्त घेतले ते त्यांनी स्वतः. आपल्या कानाला या शब्दाचा हाच अर्थ सवयीचा आहे.

४/ ख्रिस्ती कल्पना येथेच उलटी होते. दोष एकाचा, भार दुसऱ्याचा; आणि तो दुसरा निर्दोष. त्याहून विलक्षण म्हणजे ज्याचा अपराध झाला तो देवच पुत्ररूपाने ते मोल भरतो. येथे मनुष्य देवाला बळी देऊन प्रसन्न करीत नाही; देवच स्वतःला देतो.

५/ या विचाराचे मूळ यहुदी परंपरेत आहे. लेवीय ग्रंथाच्या सोळाव्या अध्यायात प्रायश्चित्तदिनी दोन बकरे आणले जातात. एकाचा बळी, दुसऱ्याच्या मस्तकी लोकांची पापे ठेवून त्याला रानात सोडले जाते. इ.स. ७० मध्ये रोमनांनी यरुशलेमचे मंदिर पाडले आणि हे यज्ञ थांबले.

६/ मग प्रायश्चित्ताचे काय? यहुद्यांनी उपवास, प्रार्थना व पश्चात्ताप यांत ते जपले. कोकणातील मराठीभाषक बेने इस्राएल हा दिवस ‘दारफळणीचा सण’ म्हणून दारे लावून, उपवास करून पाळीत. ख्रिस्ती मताने मात्र तो यज्ञ वधस्तंभावर एकदाच आणि कायमचा पूर्ण झाला. वारसा एक, उत्तरे दोन.

७/ मराठी बायबलमधील दुसरा शब्द पाहा: ‘खंडणी’. येशू पुष्कळांच्या मुक्तीसाठी खंडणी म्हणून प्राण देतो. बखरी वाचणाऱ्यास लगेच प्रश्न पडेल, खंडणी घेणारा कोण? आरंभीच्या काही ख्रिस्ती पंडितांनी उत्तर दिले, सैतान. नाझियान्झसच्या ग्रेगरीने चौथ्या शतकातच हे उत्तर अमान्य केले: लुटारूला देवाचे मोल कसे देता येईल?

८/ अकराव्या शतकाच्या अखेरीस आन्सेल्मने सरंजामी जगाला पटेल अशी मांडणी केली: पापाने देवाचा मान भंगला, त्याची भरपाई हवी. पुढच्या शतकात अबेलार्डने भर दिला तो प्रेमावर: क्रूस पाहून मनुष्याचे हृदय पालटावे. म्हणजे खुद्द ख्रिस्ती जगातही एकच अर्थ कधी नव्हता.

९/ मराठीत हे प्रथम मोठ्या प्रमाणावर मांडले ते इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स यांनी. ते १५७९ मध्ये गोव्यास आले. त्याच वर्षी आपल्या अंधेरीत जेझुइटांनी संत योहानाचे चर्च बांधले, ज्याचे अवशेष आज सीप्झच्या आवारात आहेत. १६१६ चे ‘क्रिस्तपुराण’ म्हणजे सुमारे ११ हजार ओव्या. परकी कल्पना येथल्या श्रोत्याला आपली वाटावी, म्हणून त्यांनी पुराणाचा घाट घेतला.

१०/ आता मंडपेश्वरकडे परतू. स्वेच्छेने दिलेले ते बलिदान. हिसकावलेली ती लूट. इतरांच्या देवस्थानी सत्तेच्या बळावर कोरलेला क्रूस स्वतःच्याच अर्थाशी विसंगत ठरतो. तो कोरणाऱ्यांनी खंडणी दिली नाही, घेतली. हे स्पष्ट म्हणण्यास कोणी कचरू नये.

११/ पण तेवढ्यावर निकाल देणेही अन्यायाचे. १७३९ मध्ये साष्टीतील पोर्तुगीज सत्ता गेली. श्रद्धा गेली नाही. येथील ईस्ट इंडियन समाजाने ती आपल्या मराठी बोलीत जपली. राजाश्रय सुटल्यावरही जे टिकते, ते केवळ बळजबरीचे फळ म्हणता येत नाही.

१२/ म्हणून माझी विनंती: लेणे पाहताना दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवा. सिद्धान्ताने सत्ताधीशांचे अपराध धुतले जात नाहीत. सत्ताधीशांच्या अपराधांनी सिद्धान्त खोटा ठरत नाही. आणि इतिहासातील अन्यायाचे प्रायश्चित्त आज कोणी घ्यावे? करणारे उरले नाहीत. उरलो आपण, सत्य न लपवता सांगणारे. मतभेद असल्यास अवश्य मांडावेत. पुरावा मात्र सोबत असावा.