वाद्याची मुखत्यारी
यूएसबीच्या तारेने संगणकाला जोडलेले वाद्य धडधाकट असूनही, केवळ निर्मात्याने नव्या प्रणालीसाठी ड्रायव्हर देण्याचे नाकारले म्हणून मुके व्हावे, हा मला वादकाच्या हक्कावरील उघड अन्याय वाटतो. कारण दाम मोजून घेतलेल्या वस्तूची मुखत्यारी विक्रेत्याच्या दप्तरात राहणे कोणत्याही न्यायाला धरून नाही.

२००६ पासून अमेरिकेत बनत आलेल्या मोनोम या संगणकाला जोडायच्या वाद्याने निराळा मार्ग पत्करला. त्याच्या मूळ चौकटीवर ६४ कळा. कळ दाबली तरी तिच्याखालचा दिवा आपण होऊन लागत नाही, कळ दाबल्याची वा सुटल्याची वर्दी तेवढी संगणकाकडे जाते आणि दिव्याचा हुकूम तिकडून यावा लागतो. ही देवघेव सांभाळणाऱ्या लिबमोनोम या सी भाषेतील लायब्ररीचा सोर्स कोड खुला आहे. तो उतरवून कंपाइल करावा, एखादी पूरक लायब्ररी नसल्याची तक्रार पडद्यावर उमटली तर ती आणून पुन्हा आरंभ करावा, आणि अखेर आपल्याच आज्ञेने पहिला दिवा उजळलेला पाहावा, यात गेलेली संध्याकाळ मी व्यर्थ मानीत नाही.

सतारीच्या घोडीला कानस लावण्यास कोणाची परवानगी लागत नाही. तीच मोकळीक संगणकाला जोडलेल्या वाद्यालाही हवी; म्हणून कंपन्यांनी, निदान वाद्याचा पाठिंबा थांबवताना तरी, त्याचा सोर्स कोड जाहीर करावा.