रहिवासी कोण?

मुंबई, पुणे, ठाणे, नागपूर अशा मोठ्या नगरांतून रहिवाशांच्या संघटना गेली पुष्कळ वर्षे एक मागणी मांडीत आल्या आहेत. नगराच्या कारभारात आम्हांस अधिक वाव द्या. आमच्या गल्लीतील रस्ता, गटार, दिवाबत्ती यांसंबंधीचा निर्णय आम्हांस विचारल्यावाचून करू नका. आमच्या भागासाठी किती पैसा मंजूर झाला व तो कोठे गेला, याचा हिशेब आमच्यापुढे ठेवा, असे या संघटनांचे म्हणणे आहे. हे ऐकून आपल्यापैकी अनेकांच्या मनात येत असेल की, हा सदनिकांच्या मालकांचा विषय आहे, वस्तीत आणि चाळीत राहणाऱ्यांचा त्याच्याशी काय संबंध? बंधू-भगिनींनो, हा समज आम्हांस घातक वाटतो, आणि म्हणूनच आज हा विषय आम्ही तुमच्यापुढे ठेवीत आहोत.

ही मागणी मुळात न्याय्य आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. मुंबई महापालिकेत 227 नगरसेवक निवडून येतात. 2011 च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे 1 कोटी 24 लाख भरली. म्हणजे सुमारे 55 हजार माणसांमागे एक नगरसेवक! दोन हजार वस्तीच्या खेड्यात मतदारांची ग्रामसभा भरते, तिला राज्यघटनेत स्थान आहे, आणि सरपंचाला तेथे उभे राहून उत्तर द्यावे लागते. 55 हजारांच्या प्रभागात मात्र मतदाराने पाच वर्षांतून एकदा बोटाला शाई लावून घ्यावी व घरी जावे. तेवढेही भाग्य प्रत्येक वेळी लाभतेच असे नाही. मार्च 2022 मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ तेथे एकही लोकनियुक्त नगरसेवक नव्हता. सारा कारभार प्रशासकाच्या हाती होता. या काळातील 2025-26 चा अर्थसंकल्प 74 हजार कोटी रुपयांहून अधिक होता. एवढा पैसा खर्च व्हावा आणि त्यावर प्रश्न विचारण्यास सभागृहात कोणी नसावे, ही स्थिती इमारतीत राहणाऱ्यास जशी अपमानास्पद, तशीच झोपडीत राहणाऱ्यासही.

परंतु मागणी न्याय्य असली तरी ती करणारा 'रहिवासी' कोण, हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे. आपल्या समाजाला तो विचारण्याचा अधिकार इतिहासाने दिला आहे.

मुंबईत या चळवळीचा आरंभ घाटकोपरच्या जोशी लेनमध्ये झाला. तेथील रहिवाशांनी ओला कचरा व सुका कचरा वेगळा करून आपली गल्ली स्वच्छ ठेवली, आणि तो प्रयोग पाहून 1997 साली महापालिकेने 'प्रगत परिसर व्यवस्थापन' ही योजना हाती घेतली. गल्लीच्या रहिवाशांची समिती व्हावी, तिने महापालिकेच्या विभाग कार्यालयाशी थेट बोलावे, अधिकाऱ्यांनी तिच्या तक्रारी ऐकाव्यात, अशी ती व्यवस्था. चांगलीच आहे, आम्ही तिला नावे ठेवणार नाही. झोपडपट्ट्यांसाठी मात्र पुढे वेगळी योजना निघाली. तिचे नाव 'दत्तक वस्ती योजना'. वस्तीतील संस्थेने अल्पशा मानधनावर माणसे लावून वस्तीची सफाई करावी, हा तिचा मुख्य भाग. वाचकहो, या दोन योजनांतील फरक तुमच्या ध्यानात आला काय? इमारतीतील रहिवाशांची संघटना झाली, तिला सल्ला विचारण्यात आला. वस्तीतील रहिवाशांची संघटना झाली, तिच्या हाती झाडू देण्यात आला! एकास नागरिक समजले गेले, आणि दुसऱ्यास 'दत्तक' घेतले गेले. मुंबईच्या लोकसंख्येपैकी 40 टक्क्यांहून अधिक लोक झोपडपट्टीत राहतात, असे त्याच 2011 च्या जनगणनेने दाखविले. एवढ्यांना दत्तक घेणारा हा बाप कोण?

हा भेद नवा नाही. मुंबई महापालिकेचा मताधिकार प्रारंभी कर भरणाऱ्या मालकांचा होता. 1922 च्या कायद्याने तो दरमहा 10 रुपये भाडे भरणाऱ्या भाडेकरूपर्यंत खाली आला, आणि 1938 साली ती मर्यादा 5 रुपये करण्यात आली. गिरणी कामगाराच्या एका खोलीचे भाडे बहुधा 10 रुपयांहून कमी असे. म्हणजे ज्यांच्या घामावर शहर उभे राहिले, त्यांना शहराच्या कारभारात मत नव्हते. 1919 साली साउथबरो समितीपुढे साक्ष देताना बाबासाहेबांनी अस्पृश्यांसाठी मताधिकाराची पात्रता खाली आणण्याचा आग्रह धरला, तो याच कारणाने. प्रौढ मताधिकारावर मुंबई महापालिकेची पहिली निवडणूक 1948 साली झाली. रहिवासी असणे म्हणजे मालक असणे नव्हे, ही गोष्ट मान्य करून घेण्यास एवढा काळ जावा लागला. आज कोणी म्हणू लागला की, 'आम्ही मालमत्ता कर भरतो, म्हणून आमचे आधी ऐका', तर तो आपणास 1922 च्या मागे नेत आहे असे खुशाल समजावे. शिवाय कर काय फक्त इमारतीच भरतात? दुकानातून साबण, काड्यापेटी आणणारी प्रत्येक माउली कर भरते. फक्त तिच्या नावाने देयक निघत नाही.

स्थानिक लोकांच्या हाती सत्ता आली की न्याय आपोआप होतो, असे मानण्याचा भाबडेपणा आपणास परवडणारा नाही. महाडचे उदाहरण डोळ्यांसमोर आणा. 1923 च्या ऑगस्टात मुंबई कायदे कौन्सिलने बोले यांचा ठराव मान्य केला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले झाले. 1924 साली महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर सारे ठीक झाले. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी सहस्रावधी अनुयायांसह त्या तळ्याचे पाणी प्राशन केले, तेव्हा कागदाची परीक्षा झाली. सवर्णांनी गोमूत्र व पंचगव्य टाकून तळे 'शुद्ध' करून घेतले, आणि 4 ऑगस्ट 1927 रोजी त्याच नगरपालिकेने आपला तो ठराव मागे घेतला. कोणाच्या दडपणाने? गावातील वजनदार रहिवाशांच्या! पूर्वापार वहिवाट आमच्या बाजूची आहे, असे त्यांचे म्हणणे होते. ती वहिवाट सिद्ध झालेली नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने 17 मार्च 1937 रोजी दिला, तोपर्यंत दहा वर्षे लोटली होती. 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याच्या स्थानिक कारभाराविषयी जे कठोर उद्गार काढले, त्यांमागे हाच अनुभव होता. शहरातील गल्लीला तो लागू नाही, असे कोणी समजू नये. फेरीवाल्यांना हटवा, झोपड्या हटवा, आमच्या रस्त्यावरून वस्तीची वाट नको, असे अर्ज विभाग कार्यालयात येतात, तेही 'रहिवाशांच्या' नावानेच.

मग आपण काय करावे? दूर राहावे? मुळीच नाही. दूर राहिल्याने सभा थांबत नाही. ती आपल्यावाचून भरते, आणि आपल्याविषयी ठराव करते.

संघटित वस्ती काय करू शकते, याचे एक उदाहरण अगदी अलीकडचे आहे. ठराविक तारखेनंतर उभ्या राहिलेल्या झोपड्यांस महापालिका नळजोडणी देत नसे. घर बेकायदा म्हणून तहानही बेकायदा, असा तो न्याय. वस्त्यांतील लोकांना घेऊन उभी राहिलेली पाणी हक्क समिती हा प्रश्न उच्च न्यायालयात घेऊन गेली, आणि 15 डिसेंबर 2014 रोजी न्यायालयाने सांगितले की, पाणी हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. झोपडी अनधिकृत आहे एवढ्यावरून तेथील माणसास पाणी नाकारता येणार नाही. महाडच्या तळ्यापासून मुंबईच्या नळापर्यंत प्रश्न पाण्याचाच राहिला. या वेळी 'रहिवासी' या शब्दात आपण होतो, हा फरक लहान नव्हे.

आता कायद्याकडे वळू. घटनेच्या 74 व्या दुरुस्तीने, जी 1 जून 1993 पासून अमलात आली, 3 लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या नगरांत प्रभाग समित्या असाव्यात असे ठरविले. मुंबईत त्या झाल्या, परंतु एकेका समितीखाली लाखो लोक येतात; तेथवर तुमचा आवाज पोहोचणे कठीण. खरी उपयोगाची गोष्ट दुसरीच आहे. 2009 साली महाराष्ट्र विधिमंडळाने महापालिका कायद्यांत दुरुस्ती करून 'क्षेत्रसभे'ची तरतूद केली. काही मतदान केंद्रे मिळून एक क्षेत्र, आणि त्या क्षेत्राच्या मतदार यादीत नाव असलेली प्रत्येक व्यक्ती त्या सभेची सदस्य! मालक असो, भाडेकरू असो, झोपडीवासी असो. पुरुष असो वा स्त्री. सोसायटीचे नोंदणीपत्र नको, कराची पावती नको. रहिवासी कोण, या प्रश्नाचे याहून स्वच्छ उत्तर आम्हांस ठाऊक नाही.

बहुतेक नगरांत मात्र ही सभा प्रत्यक्षात आलीच नाही. कारणे शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. दाराशी येऊन हात जोडणारा मतदार नगरसेवकास हवा असतो. सभेत उभा राहून हिशेब मागणारा मतदार कोणास आवडेल? अधिकाऱ्यांचेही तेच. कायद्यात त्रुटी आहेत, हेही खरे. सभेचे अध्यक्षपद नगरसेवकाकडेच असल्याने ज्याला जाब विचारायचा, तोच सभा चालविणार. आणि सभेच्या ठरावाने प्रशासन बांधले जात नाही. म्हणून रहिवासी संघटनांच्या मागणीस आपण आपली जोड दिली पाहिजे, पण आपल्या अटींवर. अधिक अधिकार द्यायचे ते मतदारांच्या क्षेत्रसभेस द्या, निवडक गल्ल्यांच्या समित्यांस नव्हे. क्षेत्राच्या सीमा आखताना एक वस्ती चार क्षेत्रांत फोडून तिला प्रत्येक ठिकाणी अल्पसंख्य करू नका. सभा रविवारी किंवा सायंकाळी भरवा, कारण दिवसा आपली माणसे कामावर असतात. सभेचे इतिवृत्त मराठीत लिहून सर्वांस दिसेल असे लावा.

कोणी म्हणेल, नगरपालिकांत अनुसूचित जातींसाठी राखीव जागा आहेत, 1990 च्या दुरुस्तीने बौद्धांसही त्यांचा लाभ मिळतो, मग आणखी सभा कशास? राखीव जागा हा आपला हक्क आहे, त्याविषयी वाद नाही. पण राखीव जागेवर निवडून गेलेला आपला बंधू पक्षाच्या आदेशाखाली गप्प बसलेला आपण पाहिला नाही काय? त्याला बोलते करण्यासही सभाच हवी.

येथे आपल्या समाजास दोन कडू शब्द ऐकविणे आम्हांस भाग आहे. एकाच वस्तीत आपली दोन मंडळे, तीन समित्या, आणि जयंतीच्या दोन मिरवणुका! नळ मात्र एकच, आणि तोही गळका. अर्ज लिहायचा तर तो पुढाऱ्याच्या कागदावर, पुढाऱ्याच्या सहीने. पोच घ्यायची आठवण कोणालाच नसते. अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात, एकीवर आवक क्रमांक व तारीख घालून घ्यावी, ती प्रत समितीच्या दप्तरी ठेवावी, एवढी साधी शिस्त इमारतीतला निवृत्त कारकून पाळतो, आणि म्हणून त्याच्या पत्रास उत्तर येते. 25 नोव्हेंबर 1949 रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी सांगितले होते की, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी हे सभेचे नियम बौद्ध भिक्षुसंघास ठाऊक होते. विनयाप्रमाणे आजारी भिक्षूस संघाच्या कार्यास येता आले नाही, तर त्याची संमती दुसऱ्या भिक्षूने आणून संघास कळवावी लागे. अंथरुणास खिळलेल्याचेही मत ज्या परंपरेत मोलाचे, त्या परंपरेत आलेल्या आपल्या समित्यांत स्त्रियांना मागे बसविले जाते, ही लाजेची गोष्ट होय. पाण्याच्या रांगेत कोण उभे असते? शौचालयाच्या दाराला कडी नाही, हे कोणास आधी कळते? त्यांनीच सभेत प्रथम बोलावे.

क्षेत्रसभेचे सदस्यत्व मतदार यादीतून मिळते, आणि आपली नावे तेथूनच गळतात. पुनर्वसनासाठी वस्ती पाडली, कुटुंब संक्रमण शिबिरात गेले, की जुन्या पत्त्यावरील नाव जाते व नव्या पत्त्यावर येत नाही. लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव माहेरच्या यादीत राहते. अठरा वर्षे पूर्ण केलेला मुलगा 'पुढच्या वेळी पाहू' म्हणतो. नव्या नावासाठी नमुना 6, पत्ता बदलल्यास नमुना 8 भरावा लागतो; त्यास पैसे पडत नाहीत.

येत्या पौर्णिमेस विहारात वंदना आटोपली की लगेच उठून जाऊ नका. वस्तीतील शिकल्या मुलामुलींनी आपल्या मतदान केंद्राची यादी आणून ती मोठ्याने वाचावी, घराघराने नावे पडताळावीत, आणि ज्याचे नाव आले नाही त्याने तेथेच नमुना भरावा. त्याच बैठकीत आणखी एक अर्ज लिहावा: आमच्या क्षेत्राची सभा 2009 च्या कायद्याप्रमाणे कधी भरणार, ते लेखी कळवावे. खाली सर्वांच्या सह्या, प्रथम स्त्रियांच्या. दुसऱ्या दिवशी पाच जणांनी तो विभाग कार्यालयात नेऊन द्यावा, आणि पोच घेतल्याखेरीज परत येऊ नये.